टॅब बदलला, पण माणूस बदलला का? एका कॉम्प्युटरवर अनेकांचे अर्ज भरताना काय होतं

जुलैचे शेवटचे दिवस. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीसारख्या कापसाच्या तालुक्यात तेव्हा पेरण्या उरकलेल्या असतात, कपाशीत डवरणी चालू असते आणि सेवा केंद्रासमोर पीक विम्याची रांग असते. आत टेबलावर एकच कॉम्प्युटर. त्यावर विम्याचं पोर्टल, शेजारच्या टॅबमध्ये सातबारा, त्याच्या बाजूला आठ-अ, पलीकडे कुणाच्या तरी मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं महाडीबीटी. खाली फोटो लहान करायला पेंट, स्कॅनरची वेगळी विंडो आणि व्हॉट्सॲप वेब, कारण अर्ध्या लोकांची कागदपत्रं मुलाच्या किंवा पुतण्याच्या मोबाइलवरून तिथेच येतात.

ऑपरेटरचा हात वेगाने चालतो. या टॅबमधून गट नंबर बघायचा, त्या टॅबमध्ये टाइप करायचा, तिसऱ्यात ओटीपी. हे बहुतेक वेळा बिनबोभाट पार पडतं. पण एखाद्या वेळी गट नंबर शेजारच्या माणसाचा जातो किंवा बँक खात्याचे आकडे मागच्या अर्जातले राहतात. पावती निघते, अर्जदार घरी जातो, आणि चूक उघडी पडते ती थेट पैसे अडकल्यावर.

अशा चुकीला ‘घाई’ म्हणून सोडून दिलं जातं. घाई असतेच. पण बऱ्याचदा चुकीचं मूळ कॉम्प्युटर विंडो आणि टॅब कसे हाताळतो, यात असतं, आणि ते कुठल्याच पोर्टलवर लिहिलेलं नसतं.

विंडो वेगळी, टॅब वेगळा

एकमेकींवर सरकणाऱ्या विंडो १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात आकाराला आल्या. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने त्या घराघरांत नेल्या. पुढच्याच वर्षी आलेल्या पहिल्या विंडोजमध्ये मात्र विंडो एकमेकींवर ठेवता येत नव्हत्या, फरशीसारख्या शेजारी शेजारी बसायच्या. पडद्याच्या तळाशी उघड्या कामांची जी पट्टी आज सगळ्यांच्या ओळखीची आहे, ती आली ऑगस्ट १९९५ मध्ये, विंडोज ९५ बरोबर.

ब्राउझरमधले टॅब सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचायला आणखी दहा वर्षं लागली. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीवर ज्यांनी सायबर कॅफेत दहावीचा निकाल पाहिला आहे, त्यांना आठवत असेल की प्रत्येक नवं पान म्हणजे एक नवी विंडो असायची आणि खालची पट्टी भरून जायची. २००४ च्या फायरफॉक्सने टॅब लोकप्रिय केले आणि २००६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीने ते स्वीकारले.

‘टॅब’ या शब्दानेही गोंधळ होतो. कीबोर्डवरचं टॅब बटण टाइपरायटरवरून आलं. तक्ता टाइप करताना गाडी ठरलेल्या जागी उडी मारून थांबावी, यासाठी ते होतं. ब्राउझरचा टॅब म्हणजे फाइलच्या वर डोकावणारी, नाव लिहिलेली कागदाची जीभ. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण एक दाबून दुसरा बदलता येतो. शिवाय आपल्याकडे शाळकरी मुलांना मिळतो तोही ‘टॅब’च.

तहसीलच्या जुन्या रेकॉर्ड रूममध्ये कापडात बांधलेले रुमाल असतात. विंडो म्हणजे असा एक रुमाल आणि टॅब म्हणजे त्यातले कागद, असं धरलं तर पुढचं सोपं जाईल. रुमाल बदलायची बटणं वेगळी, कागद बदलायची वेगळी.

बटणं दोन, पण त्यांचे हिशेब उलटे

विंडोजवर ऑल्ट दाबून ठेवून टॅब दाबलं की विंडो बदलते. कंट्रोल दाबून ठेवून टॅब दाबलं की त्याच विंडोतला पुढचा टॅब येतो. दोन्हींत शिफ्ट जोडलं की उलट्या दिशेने. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं, संगणकाच्या कुठल्याही प्राथमिक कोर्समध्ये हे शिकवतातच. सांगायचा राहतो तो यापुढचा भाग.

ऑल्ट-टॅब जागेवर चालत नाही, आठवणीवर चालतं. सर्वात शेवटी वापरलेली विंडो यादीत सर्वात पुढे असते. म्हणून ऑल्ट-टॅब एकदाच दाबून सोडलं की तुम्ही आताच्या आणि त्याआधीच्या विंडोत ये-जा करता, मग मध्ये दहा विंडो उघड्या असोत. स्कॅन केलेला सातबारा एका विंडोत आणि फॉर्म दुसऱ्या विंडोत असेल, तर ही ये-जा न बघता करता येते.

क्रोममध्ये कंट्रोल-टॅबचं याच्या बरोबर उलट आहे. ते डावीकडून उजवीकडे, पट्टीवर टॅब ज्या क्रमाने बसलेत त्याच क्रमाने जातं. शेवटी काय पाहिलं होतं, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. शेवटचा टॅब आला की पुन्हा पहिल्यावर. त्यामुळे ऑल्ट-टॅबची सवय लागलेला हात कंट्रोल-टॅब दाबून ‘मागच्या ठिकाणी’ जायला बघतो आणि भलत्याच माणसाच्या अर्जावर पोहोचतो. दोन्ही पानं सारख्याच रंगाची, सारख्याच रकान्यांची असतील, तर हे लक्षातही येत नाही. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-टॅब शेवटी वापरलेल्या क्रमाने चालवायचं की जागेच्या, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं.

याहून खात्रीची वाट म्हणजे आकडे. कंट्रोल आणि १ म्हणजे डावीकडून पहिला टॅब, २ म्हणजे दुसरा, असं ८ पर्यंत. ९ म्हणजे मात्र नववा नव्हे, सर्वात शेवटचा. पोर्टल कायम पहिल्या जागी आणि सातबारा कायम दुसऱ्या जागी ठेवायची शिस्त लावली की हात आपोआप बरोबर जागी जातो. टॅबवर राइट क्लिक करून तो पिन केला की तो डावीकडे चिकटून बसतो. टॅब इतके झाले की नावंच दिसेनात, तर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबल्यावर उघड्या टॅबमध्ये शोधता येतं. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टीने परत येतो. पान परत येतं, त्यात टाइप केलेलं येईलच असं नाही.

खालच्या पट्टीवरच्या चिन्हांनाही क्रमांक असतात. विंडोजचं बटण आणि १ दाबलं की पट्टीवरचा पहिला प्रोग्रॅम समोर येतो. मॅक वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे कमांड-टॅब विंडो नाही, अख्खा प्रोग्रॅम बदलतं. त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या विंडोत जायला कमांडबरोबर टॅबच्या वरचं तिरप्या खुणेचं बटण लागतं.

मराठी टाइप करणाऱ्यांना आणखी एक खड्डा असतो. अनेक कॉम्प्युटरवर ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की कीबोर्डची भाषा बदलते. ऑल्ट-शिफ्ट-टॅब दाबायला गेलं आणि टॅबपर्यंत बोट पोहोचलंच नाही, तर विंडो तीच राहते आणि इंग्रजी नावाच्या रकान्यात देवनागरी उमटायला लागते. विंडोज १० आणि ११ मध्ये प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवायची सोय टायपिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये आहे. मराठी अर्ज आणि इंग्रजी अर्ज दोन विंडोत उघडून काम करणाऱ्याने ती चालू करून बघावी.

दोन टॅब, पण ओळखपत्र एकच

रांग मोठी आहे. एका शेतकऱ्याचा ओटीपी येत नाहीये, त्याचा मोबाइल घरी आहे. म्हणून त्याचा टॅब तसाच ठेवून ऑपरेटर नवा टॅब उघडतो, तेच संकेतस्थळ, आणि दुसऱ्याच्या नावाने लॉगिन करतो. मग पहिल्याचा मुलगा मोबाइल घेऊन येतो. ऑपरेटर पहिल्या टॅबवर परत जातो. तिथे अजून पहिल्याचंच नाव दिसतंय. तो ‘जतन करा’ दाबतो.

ब्राउझरने मात्र तोवर पहिल्या माणसाला विसरून टाकलेलं असू शकतं.

कारण असं. संकेतस्थळाला तुमचा चेहरा दिसत नाही. लॉगिन झाल्यावर ते ब्राउझरच्या हातात एक छोटी चिठ्ठी देतं, तिला कुकी म्हणतात. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ही पद्धत काढली. पुढच्या प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि संकेतस्थळ तुम्हाला ओळखतं. पण ही चिठ्ठी टॅबच्या खिशात नसते, ब्राउझरच्या खिशात असते. त्या संकेतस्थळाचे दहा टॅब उघडले तरी खिसा एकच. दुसऱ्या लॉगिनची चिठ्ठी आली की ती पहिलीच्या जागी बसते.

पहिल्या टॅबमध्ये जे नाव दिसत असतं, ते लॉगिन झालं तेव्हा काढलेल्या चित्रासारखं असतं. बटण दाबल्यावर सोबत जाते ती नवी चिठ्ठी. नीट बांधलेलं संकेतस्थळ असेल तर ते अडवतं, पुन्हा लॉगिन करायला लावतं. नसेल तर एकाची माहिती दुसऱ्याच्या खात्यात जाऊन बसू शकते. काही संकेतस्थळं प्रत्येक टॅबची ओळख वेगळी ठेवतात, तिथे हा घोळ होत नाही. पण कुठलं संकेतस्थळ कसं बांधलंय, हे बाहेरून कळत नाही.

सेवा केंद्राने स्वतःच्याच लॉगिनमधून सगळ्यांचे अर्ज भरले, तरीही प्रश्न पूर्ण सुटत नाही. ‘आता कोणता अर्ज चालू आहे’ हे काही प्रणाली सर्व्हरवर एकदाच लिहून ठेवतात. दुसऱ्या टॅबमध्ये नवा अर्ज उघडला की तीच नोंद बदलते.

यावर लोक एक अर्धा उपाय करतात. क्रोममध्ये टॅबचे गट करून त्यांना रंग आणि नाव देता येतं, अख्ख्या विंडोलाही नाव देता येतं. कोणता कागद कुणाचा, हे माणसाला कळायला ते फार उपयोगी आहे. पण ती नुसती लेबलं. रुमालावर वेगळं नाव लिहिलं म्हणून खिसा वेगळा होत नाही. नवी विंडो उघडूनही होत नाही, हे विशेष लक्षात ठेवायला हवं, कारण ‘वेगळी विंडो म्हणजे वेगळं लॉगिन’ असा समज पक्का असतो.

खिसा खरोखर वेगळा करायचा तर एक अर्ज क्रोममध्ये आणि दुसरा एज किंवा फायरफॉक्समध्ये भरावा, किंवा क्रोममध्येच दुसरं प्रोफाइल तयार करावं. इन्कॉग्निटो विंडोचा खिसाही वेगळा असतो. फक्त सगळ्या इन्कॉग्निटो विंडोंचा मिळून तो एकच, म्हणजे तिसऱ्या माणसाला तिथे जागा नाही. आणि अर्ज सादर करण्याआधी पान एकदा एफ ५ ने ताजं करून नाव बघावं. आधी अर्ज मसुदा म्हणून जतन करावा, नाहीतर भरलेलं जाईल. ताज्या पानावर जे नाव येतं, ते खरं.

रांगेतल्या माणसानेही स्क्रीन स्वतःकडे वळवून मागायला संकोच करू नये. आपलं नाव, गट नंबर आणि खात्याचे शेवटचे चार आकडे सादर करण्याआधी वाचून घ्यायला अर्धा मिनिट लागतो.

मागे ठेवलेल्या टॅबचं घड्याळ

तुम्ही दुसऱ्या टॅबवर गेलात म्हणून सर्व्हर थांबत नाही. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. पोर्टलचं सेशन ठरावीक वेळ हालचाल नसली की संपतं. पण पडद्यावर उलटे मोजले जाणारे सेकंद मात्र फसवू शकतात. वीज आणि बॅटरी वाचवायला ब्राउझर मागच्या टॅबमधली घड्याळं मुद्दाम मंद करतात. जानेवारी २०२१ च्या क्रोम ८८ पासून तर पाच मिनिटांहून जास्त वेळ झाकलेल्या टॅबमधलं असं घड्याळ मिनिटातून एकदाच टिकटिकू शकतं. परत आल्यावर ‘३ मिनिटं बाकी’ दिसलं, तर ते खरं असेलच असं नाही.

कमी रॅमच्या जुन्या कॉम्प्युटरवर आणखी एक प्रकार. बराच वेळ न वापरलेला टॅब क्रोम झोपवतो आणि परत गेल्यावर पान नव्याने उघडतं. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर क्रोम सहसा तो झोपवत नाही, पण फक्त लॉगिन करून ठेवलेलं पान किंवा मुश्किलीने उघडलेला सातबारा जाऊ शकतो. क्रोमच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये अमुक संकेतस्थळ कायम जागं ठेवा, असं सांगता येतं.

पेमेंटच्या वेळी पडदा गोठल्यासारखा वाटला, तर पुन्हा बटण दाबण्याआधी ऑल्ट-टॅब दाबून बघावं. बँकेची छोटी विंडो, प्रमाणपत्र निवडायची चौकट किंवा फाइल जोडायची विंडो पुष्कळदा मुख्य विंडोच्या मागे जाऊन बसलेली असते. ती उत्तराची वाट बघत असते, म्हणून पुढची हलत नाही. तीच पेमेंटची लिंक दुसऱ्या टॅबमध्ये उघडणं म्हणजे दोनदा पैसे कापले जाण्याला आमंत्रण.

न बदलणं हाही मार्ग आहे

‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये २०२२ साली आलेल्या एका पाहणीत तीन मोठ्या कंपन्यांमधल्या १३७ जणांचं काम पाहिलं गेलं. माणूस दिवसाला सुमारे १२०० वेळा एका ॲपमधून दुसऱ्यात जात होता, आणि प्रत्येक वेळी नव्या पडद्यावर रुळायला लागणारा क्षण मोजला तर आठवड्याला जवळपास चार तास होत होते. ते ऑफिसातले लोक होते, रांग सांभाळणारे नव्हे.

आकडे बघून टाइप करायचे असतील, तर टॅब बदलूच नये. सातबाऱ्याचा टॅब माउसने धरून पट्टीच्या बाहेर ओढला की त्याची वेगळी विंडो होते. मग विंडोजचं बटण आणि डावा बाण दाबला की ती डाव्या अर्ध्यात बसते, फॉर्म उजव्या अर्ध्यात. २००९ च्या विंडोज ७ पासून ही सोय आहे, तरी पुष्कळ ठिकाणी अजून गट नंबर तोंडाने पुटपुटत टॅब बदलताना माणसं दिसतात. पुटपुटताना मध्ये कुणी ‘माझं झालं का हो?’ विचारलं की आकडा गेला.

विंडोज आणि व्ही दाबून जुन्या कॉपी केलेल्या गोष्टींची यादी मिळते, तीही सोयीची. मात्र ती यादी चालू असेल तर रांगेतल्या सगळ्यांचे आधार क्रमांक तिथे पडून राहतात. दिवसातून दोन-चारदा ती रिकामी करावी.

मोबाइलवर भरत असाल तर

घरी बसून मोबाइलवरच अर्ज भरणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव: ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलो, परत आलो तर फॉर्म कोरा. कमी मेमरीच्या फोनमध्ये दुसरं ॲप उघडलं की ब्राउझरचं पान सोडून दिलं जातं, त्याचा हा परिणाम. ओटीपी आला की मेसेज ॲप उघडू नका. वरून सूचनांची पट्टी खाली ओढा, आकडे तिथेच दिसतात, आणि तुम्ही ब्राउझर सोडलेला नसतो. किंवा ओटीपी दुसऱ्या फोनवर येऊ द्या, घरात दोन असतील तर.

मोबाइलच्या क्रोममध्ये वर चौकोनात उघड्या टॅबची संख्या दिसते. अँड्रॉइडवर ती ९९ च्या पुढे गेली की आकडा जाऊन हसरा चेहरा येतो. असा चेहरा दिसणाऱ्या फोनवर अर्ज भरण्याआधी जुने टॅब बंद करून घेतलेले बरे.

उठताना

टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. चिठ्ठी ब्राउझरच्या खिशात तशीच असू शकते, आणि पुढच्या माणसाने तेच संकेतस्थळ उघडलं की तो तुमच्या खात्यात शिरतो. व्हॉट्सॲप वेबचं तर हमखास असं होतं: कागद पाठवून झाले, विंडो बंद केली, आणि घरी पोहोचल्यावरही दुकानातल्या कॉम्प्युटरवर घरच्या गप्पा उघड्या. फोनमधल्या व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून तिथून तो कॉम्प्युटर काढून टाकता येतो, घरी बसूनही.

एक फसवणूक खास उघड्या टॅबवर बेतलेली आहे. २०१० मध्ये आझा रास्किन या डिझायनरने ती जगापुढे मांडली. तुम्ही दुसऱ्या टॅबवर गेलात की मागे राहिलेलं भलतंच पान गुपचूप रूप बदलतं आणि बँकेचं किंवा ईमेलचं लॉगिन पान होऊन बसतं. वीस टॅबमध्ये आपण हे कधी उघडलं होतं, हे कुणाला आठवतंय? माणूस समजतो सेशन संपलं, आणि पासवर्ड देऊन मोकळा होतो. आधीपासून उघड्या पडलेल्या टॅबने पासवर्ड मागितला, तर तो टॅब बंद करून पत्ता स्वतः टाइप करून नव्याने उघडावा.